दोघींत एक माईक

सुप्रीम्सच्या भरभराटीच्या दिवसांतलं एखादं जुनं कृष्णधवल चित्रीकरण काढावं आणि आवाज बंद करून बघावं. आवाज चालू असला की गाणं पायाला ठेका धरायला लावतं आणि डोळे आळसावतात. आवाज बंद केला की दिसू लागतं. तीन तरुण मुली. एकसारखे झगमगते गाऊन, एकसारखे फुगवलेले केसांचे टोप, मनगटं एकाच क्षणी वळणारी. तिघींचं सगळं सारखं आहे, फक्त माईक दोन आहेत. एका माईकपाशी डायना रॉस एकटी उभी. दुसऱ्यापाशी फ्लॉरेन्स बॅलर्ड आणि मेरी विल्सन, गालाला गाल लागेल इतक्या जवळ.

रंगमंचावर माईक कुठे ठेवायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं. त्यात तांत्रिक सोय असते, गाण्याची गरज असते. एक जण मुख्य गाणार, दोघी मागून सूर धरणार, मग दोघींना एक माईक पुरतोच की. मात्र सुप्रीम्सची पुढची सगळी कहाणी त्या दोन माईकमधल्या दोन-तीन फुटांच्या अंतरात मावते.

मुलींच्या यशस्वी गायनसंचाबद्दल लिहायला बसलं की दोन साचे तयार सापडतात. पहिला जाहिरात खात्याचा: आम्ही मैत्रिणी नाही, बहिणीच आहोत. दुसरा गावगप्पांचा: एकीचं दुसरीशी पटेना, तिसरीचे कान भरले गेले आणि शेवटी झिंज्या उपटण्यापर्यंत मजल गेली. दोन्ही साचे उत्तम खपतात, बहुधा एकाच मासिकात वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने. पुरुषांचा संच फुटला की ‘कलात्मक मतभेद’ म्हणतात, बायकांचा फुटला की ‘भांडण’. आणि बीटल्स फुटले तेव्हा खापर फुटलं तेही एका बाईच्याच डोक्यावर. या दोन साच्यांमध्ये जे राहून जातं, त्यात रस असेल तर सुरुवात डेट्रॉईटपासून करायला हवी. कारण सुप्रीम्सची मैत्री कीर्तीच्या आधीची होती. ती कुणा निर्मात्याने जाहिरात देऊन जमवलेली नव्हती.

डेट्रॉईटमधली ब्रूस्टर-डग्लस ही सरकारी वसाहत. कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून उभारलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. १९३५ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट स्वतः कामाच्या शुभारंभाला आल्या होत्या. तिथल्या क्रीडाकेंद्रात जो लुईने मुष्टियुद्धाचे धडे गिरवले. पन्नाशीच्या दशकात या वसाहतीत दक्षिणेतून मोटारींच्या कारखान्यांच्या ओढीने आलेल्या कुटुंबांची मुलं वाढत होती, आणि संध्याकाळ झाली की कोपऱ्याकोपऱ्यावर पोरांची टोळकी वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर गाणी बसवत. आपल्याकडे गल्लीत क्रिकेटचा संघ असतो तसा तिथे गाण्याचा असे.

फ्लॉरेन्स मोठ्या कुटुंबातली, डझनाहून जास्त भावंडांतली एक. चर्चमध्ये तापलेला खणखणीत आवाज. मेरी विल्सनला तिच्या मावशीने आणि काकांनी वाढवलं होतं, आणि तेच आपले आई-वडील असं ती बरीच वर्षं समजत होती. पुढे ती आईकडे राहायला आली. शाळेतल्या गाण्याच्या एका कार्यक्रमात या दोघींची ओळख झाली आणि त्यांनी एकमेकींना शब्द दिला: दोघींपैकी कुणालाही एखाद्या संचात बोलावणं आलं, तर तिने दुसरीला हाक मारायची. शाळकरी मुली असले शब्द रोज देतात. इथे तो पाळला गेला. १९५९ मध्ये मिल्टन जेंकिन्स नावाच्या हौशी व्यवस्थापकाला ‘प्राइम्स’ या आपल्या मुलांच्या संचाला जोड म्हणून मुलींचा संच हवा होता. त्याने फ्लॉरेन्सला विचारलं, फ्लॉरेन्सने मेरीला गाठलं. प्राइम्समधल्या पॉल विल्यम्सने वसाहतीतलीच एक सडपातळ, मोठ्या डोळ्यांची मुलगी सुचवली, डायना रॉस. घरी आणि मैत्रिणींत तिला डायनच म्हणत. चौथी बेटी मॅकग्लोन. नाव ठरलं ‘प्राइमेट्स’. प्राइम्सच्या बहिणी म्हणून ते शोभलं असेल.

तेव्हा मुख्य गायिका कोण, हा प्रश्नच नव्हता. गाणं ज्या गळ्याला शोभेल ती पुढे होई. दणदणीत असेल तर फ्लॉरेन्स, हळुवार असेल तर मेरी, चटपटीत असेल तर डायना. लोकांना विचारलं असतं तर बहुतेकांनी फ्लॉरेन्सकडेच बोट दाखवलं असतं. तिचा आवाज इतका मोठा, की रेकॉर्डिंगच्या वेळी तिला माईकपासून चांगलं लांब उभं करावं लागे, असं सांगितलं जातं. माईकपासूनचं अंतर तिच्या वाट्याला आधी असं कौतुक म्हणून आलं.

याच शहरात बेरी गॉर्डी नावाचा तरुण होता. लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर त्याने काम केलेलं. पट्ट्याच्या एका टोकाला नुसता सांगाडा येतो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्याने रोज पाहिलं होतं. १९५९ मध्ये घरच्यांच्या सामाईक ठेवीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या साध्या घरावर पाटी लावली, ‘हिट्सविल यू.एस.ए.’. मोटारींचं शहर म्हणून कंपनीचं नाव मोटाउन. तिथे गीतकार-संगीतकारांची जोडगोळी वेगळी, वादकांचा ताफा वेगळा, नाच बसवणारा वेगळा, आणि आठवड्याला बैठक भरवून कुठली रेकॉर्ड बाजारात जाईल याची छाननी, मालाची तपासणी करावी तशी. या पद्धतीतून अमेरिकन संगीतातला अप्रतिम ठेवा निर्माण झाला, याबद्दल शंका नको. मात्र जुळणीच्या पट्ट्याचा एक नियम असतो: कुठलाही भाग सुटा करता येतो आणि त्याच्या जागी दुसरा बसवता येतो.

डायनाच्या जुन्या शेजारातला स्मोकी रॉबिन्सन तेव्हा मोटाउनचा उगवता तारा होता. त्याच्या ओळखीने मुली १९६० मध्ये गॉर्डीपुढे गायल्या. झालं असं, की स्मोकीला मुलींपेक्षा त्यांचा गिटारवादक मार्व्ह टारप्लिन जास्त आवडला आणि त्याने तो आपल्या संचासाठी उचलला. गॉर्डीने मुलींना सांगितलं, आधी शाळा पुरी करा. मुली मात्र शाळा सुटली की रोज हिट्सविलच्या पायऱ्यांवर हजर. कुणाच्या रेकॉर्डला टाळ्या वाजवायला माणसं कमी पडली, कुणाला मागे सूर धरायला गळे हवे असले, की या तयार. १५ जानेवारी १९६१ रोजी करार झाला. मुली अज्ञान होत्या, म्हणून आयांच्या सह्या. वकील कुणाकडेच नव्हता. प्राइमेट्स हे नाव गॉर्डीला नको होतं. नावांच्या यादीतून फ्लॉरेन्सने ‘सुप्रीम्स’ निवडलं. बाकीच्यांना ते पुरुषी वाटलं, आवडलं नाही, पण राहिलं. संचाचं बारसं केलं ते तिने. पुढे ‘मी सुप्रीम्समध्ये होते’ एवढं जाहिरातीत म्हणायचीही मुभा तिला उरली नाही.

तोवर तिच्या आयुष्यात एक घाव बसून गेला होता. १९६० मध्ये ओळखीतल्याच एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला. काही आठवडे ती घराबाहेरच पडली नाही. मैत्रिणींना कळलं, त्यांनी सांभाळून घेतलं, पण त्या काळी या गोष्टीला तोंड फोडायची, उपचार घ्यायची रीत नव्हती. मेरीने आपल्या आत्मकथनात लिहिल्यावरच ती सर्वांना कळली, फ्लॉरेन्स गेल्यानंतर दहा वर्षांनी. सुप्रीम्सच्या कहाणीत फ्लॉरेन्सला ‘तापट’, ‘लहरी’, ‘दारूच्या आहारी गेलेली’ असं म्हणणाऱ्यांच्या वाचनात हे पान आलेलं नसतं.

पहिली तीन वर्षं कोरडी गेली. एकामागून एक रेकॉर्ड पडत गेल्या. बेटी लग्नासाठी गेली होतीच, तिच्या जागी आलेली बार्बरा मार्टिनही १९६२ मध्ये गेली आणि उरल्या तिघी. कंपनीत त्यांना ‘हिट नसलेल्या सुप्रीम्स’ म्हणून चिडवत. त्याच वर्षी मोटाउनचा ताफा बसने दक्षिणेकडे निघाला. वर्णभेद कायद्याने शाबूत असलेल्या त्या राज्यांत हॉटेलात जागा मिळायची नाही, पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरू द्यायचे नाहीत, आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅमला तर बसच्या दिशेने गोळ्याही झाडल्या गेल्या. मुख्य आकर्षण दुसरे, सुप्रीम्स यादीत तळाला. उपाशी, अवघडलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या तीन मुली. गाजलेल्या संचांच्या कहाण्यांत सुखाचा भाग असा पडत्या काळातच सापडतो, हे पुन्हापुन्हा दिसतं.

१९६४ च्या वसंतात हॉलंड-डोझिअर-हॉलंड या त्रिकुटाने ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे गाणं बांधलं. मोटाउनच्याच मार्व्हलेट्स या मुलींच्या संचाला ते देऊ केलं, त्यांनी नाक मुरडलं. सुप्रीम्सलाही ते फारसं रुचलं नव्हतं, पण हिट नसलेल्यांना नकाराची चैन परवडत नाही. गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येणारा तो धप्प-धप्प ठेका म्हणजे लाकडी फळ्यांवर आपटलेले बूट. मुख्य आवाज मेरीचा घ्यावा असं एडी हॉलंडच्या मनात होतं, कारण चाल मऊ आणि खालच्या पट्टीतली. पण मुख्य गायिका डायनाच, हे गॉर्डीने तोवर पक्कं केलं होतं. ती नेहमीपेक्षा खाली, जरा घुश्शातच गायली, आणि त्या घुश्शानेच गाण्याला चव आली. गाणं बाजारात आलं तेव्हा मुली एका मोठ्या फिरत्या कार्यक्रमात सर्वांत खालच्या नावाने गात होत्या, सोबत डायनाची आई. दौरा चालू असतानाच गाणं वर चढू लागलं आणि प्रेक्षक कुणासाठी ओरडताहेत हे बसमधल्या मोठ्या कलाकारांच्याही लक्षात आलं. २२ ऑगस्ट १९६४ च्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं.

मग थांबणं नाही. ओळीने पाच गाणी पहिल्या क्रमांकावर. डिसेंबर १९६९ पर्यंत एकूण १२. १९६६ मध्ये त्यांच्या अल्बमने बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ला पहिल्या जागेवरून हटवलं, आणि मुलींच्या संचाचा अल्बम अमेरिकेत त्या जागी जाण्याची ती पहिलीच वेळ. २७ डिसेंबर १९६४ ला एड सुलिव्हनच्या रविवारच्या कार्यक्रमात त्या झळकल्या. कृष्णवर्णीय बायका टीव्हीवर दिसायच्या त्या बहुतेक मोलकरणीच्या भूमिकेत, तिथे या तिघी राण्यांसारख्या चालत आल्या. त्यांच्या नावाचा पांढरा पावसुद्धा बाजारात आला.

ती चाल आपोआप आलेली नव्हती. मोटाउनने कलाकारांना घडवण्यासाठी चक्क एक शाळा काढली होती. मॅक्सीन पॉवेलबाई तिथे उठणं, बसणं, मोटारीतून उतरणं, काटा-चमचा धरणं शिकवत. राजवाड्यात किंवा व्हाइट हाउसमध्ये जायची वेळ आली तर शोभलं पाहिजे, हा त्यांचा धोशा. चॉली ॲटकिन्स नाच बसवी, मॉरिस किंग गाण्याची घोटाई करून घेई. मात्र सुप्रीम्सची सर्वांत गाजलेली अदा, ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’मधला तो पुढे केलेला तळहात, या वर्गात तयार झाला नाही. १९६५ मध्ये लंडनला टीव्हीच्या कार्यक्रमाआधी गाण्याला हातवारेच ठरलेले नाहीत हे ऐन वेळी कळलं, आणि टेम्प्टेशन्स या मोटाउनच्याच पुरुषांच्या संचातल्या मंडळींनी मुलींना पुरुषांच्या स्वच्छतागृहात नेऊन रहदारीच्या पोलिसासारखा हात दाखवायला शिकवलं. त्या मंडळींत तोच पॉल विल्यम्स होता, ज्याने वसाहतीतून डायनाला आणलं होतं. जगभरच्या लग्नांतून आजही लोक तो तळहात दाखवत नाचतात.

पैसा आला तेव्हा तिघींनी डेट्रॉईटमध्ये घरं घेतली, ती ब्युना व्हिस्टा या एकाच रस्त्यावर. तीन घरं, तीन आया, तीन गाड्या. वसाहतीतून बाहेर पडायला मिळालं तरी शेजार सोडवेना, असं होतं ते. कंपनीवर चिडणारे अभ्यासक हा तपशील सहसा गाळतात आणि डायनावर चिडणारे तर हमखास गाळतात.

पण या पैशाचा हिशेब कुणाकडे होता? रेकॉर्ड काढणारी कंपनी गॉर्डीची. गाण्यांच्या हक्कांची कंपनी गॉर्डीची. कलाकारांचं व्यवस्थापन पाहणारी कंपनीही गॉर्डीचीच. म्हणजे कलाकाराच्या बाजूने मालकाशी घासाघीस करायची ज्याची जबाबदारी, तो मालकाचाच माणूस. स्टुडिओचा, कपड्यांचा, प्रवासाचा खर्च कमाईतून वळता व्हायचा, हातात यायचा तो हातखर्च. आणि ‘सुप्रीम्स’ हे नाव कंपनीच्या मालकीचं. हे मुलींना वाचता येत नव्हतं असं नाही, वाचायला कुणी दिलंच नव्हतं.

डायना आणि गॉर्डी यांचे प्रेमसंबंध जुळले होते, तेही आता इतिहासाचा भाग आहे. त्यामुळे गोष्ट सोपी करून सांगायचा मोह होतो: मालकाची मर्जी म्हणून एक पुढे गेली, दुसऱ्या दोघी मागे पडल्या. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डायनाचा तो पातळ, किंचित नाकातून येणारा, पटकन ओळखू येणारा आवाज त्या काळच्या ट्रान्झिस्टरच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही स्वच्छ कापत बाहेर येई. मोटारीत रेडिओ ऐकणाऱ्या पोरांना लक्षात ठेवूनच मोटाउनच्या गाण्यांचं ध्वनिमिश्रण होई. फ्लॉरेन्सचा आवाज सभागृह भरून टाकणारा, डायनाचा रेडिओत मावणारा. शिवाय ती राबायची अफाट. गॉर्डीला धंदा कळत होता, डायनाला महत्त्वाकांक्षा होती, आणि महत्त्वाकांक्षा हा गुन्हा फक्त बाईच्याच खात्यावर नोंदवला जातो. दोष शोधायचाच तर तो निवडीत कमी आणि निवड कळवण्याच्या पद्धतीत जास्त सापडतो. कधी कुणी तिघींना एकत्र बसवून सांगितलं नाही. एकेक गोष्ट काढून घेतली गेली. फ्लॉरेन्स क्लबांतल्या कार्यक्रमांत ‘पीपल’ हे एक गाणं एकटी गायची, तिचं असं ते एकच उरलं होतं. तेही गेलं. माईक दोन झाले. मग फलकावरची अक्षरं बदलली.

१९६७ च्या जूनअखेर लास व्हेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलबाहेर नवा फलक लागला: ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. फ्लॉरेन्सचं तोवर कार्यक्रम चुकवणं, पिणं, वजन वाढणं, उलट उत्तरं देणं सुरू झालं होतं. कंपनीने पर्याय आधीच हेरून ठेवला होता. पॅटी लाबेलच्या संचातली सिंडी बर्डसाँग त्याच एप्रिलमध्ये हॉलीवूड बोलच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सच्या जागी उभीही राहिली होती. कपडे त्याच मापाचे बसत, चेहऱ्यातही साम्य. जुलैत फ्लेमिंगोच्याच मुक्कामात फ्लॉरेन्सला घरी धाडलं गेलं. रंगमंचावर त्या रात्रीही मुली तीनच होत्या. डेट्रॉईटच्या वर्तमानपत्राला कारण सांगण्यात आलं ते थकव्याचं. ती शहरात परतली त्याच महिन्यात डेट्रॉईट पाच दिवस पेटलं होतं. ज्या रस्त्यांवर मोटाउनची गाणी वाजत होती तिथे लष्कराचे रणगाडे फिरत होते.

मेरी काय करत होती? या कहाणीत सर्वांत अवघड जागा तिची आहे. ती शब्द देणारी मैत्रीण. तिला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि ती गप्प राहिली. १९८६ मध्ये ‘ड्रीमगर्ल’ या आत्मकथनात तिने हे लपवलेलं नाही. आपण मध्यस्थी करत राहिलो आणि बोलायच्या वेळी बोललो नाही, ही टोचणी पानापानांतून जाणवते. पुस्तकावर डायनाविषयी कडवट असल्याचा शिक्का बसला, पण नीट वाचलं तर सर्वांत कडक उलटतपासणी लेखिकेने स्वतःचीच घेतली आहे.

२२ फेब्रुवारी १९६८ रोजी फ्लॉरेन्सने मोटाउनशी फारकतीवर सही केली. तिला मिळाले १,३९,८०४ डॉलर ९४ सेंट. सेंटपर्यंतचा चोख हिशेब. आठवड्याभराने तिने टॉमी चॅपमनशी लग्न केलं. तो गॉर्डीचाच एके काळचा ड्रायव्हर. दुसऱ्या कंपनीने तिची दोन गाणी काढली, दोन्ही पडली. संचाचं नाव वापरायची बंदी, मग श्रोत्यांनी ओळखायचं कसं? पैसा वकिलाच्या हातून नाहीसा झाला, १९७१ मध्ये मोटाउनवर भरलेला दावा फेटाळला गेला, घर गेलं. तीन मुलींना घेऊन ती सरकारी मदतीवर आली, आणि ‘माजी सुप्रीम सरकारी मदतीवर’ हा मथळा देशभर छापला गेला. १९७५ मध्ये डेट्रॉईटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये ती एका मदतनिधीच्या कार्यक्रमात गायली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. आता पुन्हा सुरुवात होईल असं वाटत होतं. २२ फेब्रुवारी १९७६ ला हृदयविकाराने ती गेली. फारकतीच्या सहीला त्या दिवशी बरोबर आठ वर्षं झाली होती. वय ३२.

न्यू बेथेल चर्चमधल्या अंत्यविधीला हजारोंची गर्दी होती. डायना मोटारीतून उतरली तेव्हा लोकांनी तिची हुर्यो उडवली. आत जाऊन ती फ्लॉरेन्सच्या नवऱ्याशेजारी बसली, तिच्या धाकट्या मुलीला मांडीवर घेतलं. नंतर मेरीला पुढे बोलावून दोघींनी मिळून मूक प्रार्थना करायची इच्छा सांगितली. हे दुःख होतं की देखावा, यावर डेट्रॉईटमध्ये आजही दोन तट पडतील. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मात्र फार थोड्यांना मान्य होतं. तरुणपणापासून कॅमेऱ्यापुढे वावरलेल्या बाईला कॅमेरा नसल्यासारखं रडता येत असेल का?

इतर संचांकडे पाहिलं की सुप्रीम्सच्या गोष्टीतले ओळखीच्या खुणा तिथेही दिसतात. टीएलसीच्या तिघी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत खपाच्या संचांत होत्या आणि त्याच वर्षी त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. डेस्टिनीज चाइल्डमधल्या लटोया लकेट आणि लटाविया रॉबरसन यांनी व्यवस्थापकाबद्दल तक्रार केली. व्यवस्थापक म्हणजे त्यांच्याच संचातल्या बियॉन्सेचे वडील. थोड्याच दिवसांत ‘से माय नेम’चा व्हिडिओ आला आणि त्यात आपल्या जागी दुसऱ्याच दोघी नाचताहेत हे त्यांना टीव्हीवर बघून कळलं. याउलट स्पाइस गर्ल्स. १९९४ मध्ये वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून जमवलेल्या पाच अनोळखी मुली, म्हणजे मैत्रीच्या हिशेबात सर्वांत कच्च्या. पण त्यांनी पहिल्या व्यवस्थापकांना सोडचिठ्ठी दिली, पुढे दुसऱ्यालाही घरी बसवलं आणि गाण्यांच्या श्रेयातला आपला वाटा पाचही जणींत सारखा ठेवला. त्यांच्यातली जेरी १९९८ मध्ये सोडून गेली, तरी पुढे त्या पुन्हा पुन्हा एकत्र आल्या. जाहिरातीतून जमलेल्यांचं टिकलं आणि एका वसाहतीत वाढलेल्यांचं नाही, याचा उलगडा स्वभावांपेक्षा कागदपत्रांत लवकर होतो.

सुप्रीम्सचं बारावं आणि शेवटचं अव्वल गाणं ‘समडे वी विल बी टुगेदर’. कधीतरी आपण पुन्हा एकत्र येऊ, असा त्याचा आशय. डायना संच सोडतेय म्हणून ते निरोपाचं गाणं म्हणून वाजवलं गेलं आणि ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले. त्या रेकॉर्डवर मागे सूर धरणाऱ्या मेरी आणि सिंडी नाहीतच. स्टुडिओतल्या दुसऱ्याच गायिका आहेत. १४ जानेवारी १९७० ला लास व्हेगासच्या फ्रंटियर हॉटेलात तिघींनी ते अखेरचं एकत्र म्हटलं. डायनाच्या जागी जीन टेरेल आली, संच चालू राहिला, काही सुंदर गाणीही निघाली. माणसं बदलत गेली, आणि १९७७ मध्ये लंडनला शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा पहिल्या दिवसापासूनची एकच उरली होती, मेरी.

मोटाउनच्या पंचविशीचा सोहळा मार्च १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे चित्रित झाला. त्यात डायना, मेरी आणि सिंडी पुन्हा त्याच गाण्यासाठी उभ्या राहिल्या. मेरी दोन पावलं पुढे आली. त्या वेळच्या बातम्यांनुसार डायनाने तिच्या हातातला माईक खाली सारला. टीव्हीवर दाखवलेल्या कार्यक्रमातून तो क्षण कापलेला होता. २००० मध्ये पुनर्मीलनाच्या दौऱ्याची घोषणा झाली, पण मेरी आणि सिंडीशी मानधनाची बोलणी फिसकटली आणि डायनासोबत नंतरच्या काळातल्या दोन सुप्रीम्स उभ्या राहिल्या. तिकिटं खपेनात, दौरा अर्ध्यातच गुंडाळला. मेरीने पुढची बरीच वर्षं नामांकित संचांची नावं परस्पर वापरणाऱ्यांविरुद्ध कायदे व्हावेत म्हणून राज्याराज्यांत खेटे घातले, आणि अनेक ठिकाणी ते झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती गेली. वसाहतीच्या इमारती त्याआधीच, २०१४ मध्ये, पाडून झाल्या होत्या.

या सगळ्या घडामोडींत एक छोटा प्रसंग १९७४ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका करमणूक उद्यानात सुप्रीम्सचा कार्यक्रम होता. मेरीने फ्लॉरेन्सला डेट्रॉईटहून बोलावून घेतलं होतं. शाळेत दिलेला शब्द तेव्हा फ्लॉरेन्सने पाळला होता, आता पाळायची पाळी मेरीची होती. मेरीने तिला रंगमंचावर आणलं, प्रेक्षकांनी ओळखलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गाणी सुरू झाली. फ्लॉरेन्स गायली नाही. तिने हातात खंजिरी घेतली आणि वाजवत राहिली.